पंचवीस हजार तासांचा हिशेब

एलईडी बल्बच्या खोक्यावर दोन आकडे सर्वांत ठळक अक्षरांत छापलेले असतात. एक वॅटचा आणि दुसरा तासांचा. ९ वॅट आणि २५,००० तास ही बाजारात सर्वांत जास्त दिसणारी जोडी. त्याच खोक्याच्या एखाद्या बाजूला, बारीक अक्षरांत, तिसरा आकडा असतो: वॉरंटी २ वर्षे. रोज सहा तास दिवा लावणाऱ्या घरात २५,००० तास संपायला साधारण साडेअकरा वर्षे लागतात. दोन वर्षांत त्या घरातला दिवा जेमतेम ४,४०० तास जळतो. म्हणजे जो उत्पादक साडेअकरा वर्षांची भाषा करतो, तोच बदलून देण्याची जबाबदारी घेताना त्याच्या पाचव्या हिश्श्याच्याही आत थांबतो.

ही तफावत म्हणजे निव्वळ लबाडी, असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात. फक्त ते दोन वेगवेगळ्या वस्तूंबद्दल असतात. तासांचा आकडा आतल्या चिपचा असतो आणि वॉरंटी असते ती संपूर्ण बल्बची. एलईडी दिव्याची गुणवत्ता ओळखायची तर हा फरक आधी नीट समजून घ्यावा लागतो, आणि खोक्यावर तो कुठेही लिहिलेला नसतो.

जुन्या पिवळ्या बल्बच्या बाबतीत असा प्रश्नच नव्हता. काचेचा फुगा, टंगस्टनची तार आणि पितळी टोपी, एवढाच त्याचा संसार. तार तुटली की बल्ब गेला. हजारेक तास चालायचा, आणि तो तेवढाच चालणार हे सर्वांना ठाऊक असायचे. एलईडी बल्ब दिसायला त्याच घाटाचा असला तरी आतून तो दिवा कमी आणि छोटे इलेक्ट्रॉनिक यंत्र जास्त आहे. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा लेप दिला की आपल्याला दिसणारा पांढरा प्रकाश तयार होतो. बल्बच्या पांढऱ्या घुमटाखाली ज्या लहान पिवळ्या टिकल्या दिसतात, त्या ह्याच. पण ह्या टिकल्यांना घरातला २३० व्होल्टचा एसी प्रवाह थेट चालत नाही. त्यांना एका दिशेचा, मोजून-मापून दिलेला प्रवाह लागतो. तो देणाऱ्या सर्किटला ड्रायव्हर म्हणतात. टिकल्या, त्या ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर बसवतात ती चकती, ड्रायव्हर, उष्णता बाहेर नेणारे आवरण, घुमट आणि टोपी एवढे मिळून बल्ब होतो. यांतला कोणताही एक भाग गेला की अंधार होणार, मग बाकीचे कितीही धडधाकट असोत.

आता २५,००० हा आकडा येतो कुठून ते पाहू. एवढे तास कोणी बल्ब जाळून बसत नाही. चोवीस तास अखंड लावला तरी त्याला जवळजवळ तीन वर्षे लागतील, आणि तोवर ते मॉडेल बाजारातून गेलेले असेल. म्हणून चिप बनवणाऱ्या कंपन्या एलएम-८० नावाच्या अमेरिकी पद्धतीने चाचणी घेतात. नमुन्याच्या चिपा ठरावीक तापमानांना, उदाहरणार्थ ५५ आणि ८५ अंश सेल्सियसला, किमान ६,००० तास पेटत्या ठेवायच्या आणि ठरावीक अंतराने त्यांचा प्रकाश मोजायचा. ६,००० तास म्हणजे २५० दिवस. एवढ्या काळात प्रकाश किती घटला त्यावरून पुढचा काळ गणिताने काढायचा. त्या गणिताला टीएम-२१ म्हणतात. नमुने पुरेसे असले तरी चाचणीच्या तासांच्या सहापटीपलीकडचा दावा करायला हे गणित परवानगी देत नाही. प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येईल तो क्षण म्हणजे चिपच्या आयुष्याचा शेवट, असे या व्यवसायात मानले जाते. त्याला एल-७० म्हणतात. चिप विझलेली नसते, मंदावलेली असते.

ही पद्धत चांगली आहे आणि माझा तिच्यावर विश्वासही आहे. पण ती चिपच्या मंदावण्याबद्दल बोलते. बल्ब बंद पडण्याबद्दल तिच्यात एक अक्षरही नाही. आता आपल्या घरातले गेलेले बल्ब आठवा. त्यांतले किती हळूहळू मंद होत ७० टक्क्यांवर आले? बहुतेक एका संध्याकाळी बटण दाबल्यावर लागलेच नाहीत, किंवा आठवडाभर लुकलुकले आणि मग गेले.

मी तंत्रनिकेतनात शिकवतो. दरवर्षी मुलांना आम्ही घरचे गेलेले एलईडी बल्ब आणायला सांगतो. ते उघडून कशाने गेले ते शोधणे हा त्यांचा आवडता प्रयोग. या बल्बांची मोजदाद मी ठेवलेली नाही, त्यामुळे टक्केवारी सांगणार नाही. पण काही दृश्ये इतक्यांदा समोर येतात की ती आता ओळखीची झाली आहेत. एक म्हणजे डोके फुगलेला कपॅसिटर. दुसरे, दहा-बारा टिकल्यांपैकी एकीच्याच मधोमध पडलेला काळा ठिपका. टिकल्या माळेसारख्या एकामागोमाग एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एक उघडी पडली की सगळी माळ विझते. तिसरे दृश्य म्हणजे सुटलेला डाग: तारेचे टोक नुसते टेकवलेले असते, सोल्डर जेमतेम लागलेले. मग तापणे आणि निवणे यांच्या खेळात ते एक दिवस सुटते. यांतल्या अकरा टिकल्या पुष्कळदा उत्तम स्थितीत असतात. बॅटरी लावून मुले त्या पेटवून दाखवतात. खोक्यावर ज्यांच्या आयुष्याचा आकडा होता त्या जिवंत आणि बल्ब मात्र मेलेला.

कपॅसिटरबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण बल्बचे खरे आयुर्मान बरेचदा तिथेच ठरते. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. त्या खळग्यांत प्रकाश टिकवून धरण्यासाठी ड्रायव्हरमध्ये एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो. लहान पिंपासारखा दिसतो, आणि त्यात एक द्रव असतो. उष्णतेने हा द्रव हळूहळू उडून जातो आणि कपॅसिटरची ताकद घटते. त्याच्या अंगावर छापलेले असते १०५ अंश, आणि उत्पादकाच्या माहितीपत्रकात त्यापुढे तास दिलेले असतात. स्वस्तातल्या कपॅसिटरला २,००० तास, चांगल्याला ५,००० किंवा १०,०००. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा एक ठोकताळा आहे: तापमान दर दहा अंशांनी उतरले की कपॅसिटरचे आयुष्य दुप्पट होते. म्हणजे २,००० तासांचा कपॅसिटर ९५ अंशांना ४,००० तास चालेल, ८५ ला ८,००० आणि ६५ अंशांना ३२,०००. रोज सहा तासांच्या हिशेबाने ४,००० तास म्हणजे दोन वर्षांना थोडे कमी, आणि ८,००० तास म्हणजे साडेतीन वर्षांहून थोडे जास्त.

आता हे पाहा: बल्ब एकच, कपॅसिटर एकच. एका घरात तो उघड्या होल्डरमध्ये, पंख्याच्या वाऱ्यात लावला. दुसऱ्या घरात तोच बल्ब फॉल्स सीलिंगमधल्या बंद काचेच्या डब्यात, वर प्लायवूड, हवा खेळायला जागा नाही, असा लावला. आतल्या तापमानात दहा-वीस अंशांचा फरक सहज पडतो. पहिल्या घरातला माणूस त्या कंपनीची शिफारस करत फिरतो आणि दुसऱ्या घरातला तिला शिव्या घालतो. दोघेही आपापल्या अनुभवापुरते बरोबर असतात. 'अमुक कंपनीचा बल्ब टिकतो का?' या प्रश्नाला मी पटकन उत्तर देत नाही, ते ह्यामुळे. कुठे लावणार, हे आधी विचारावे लागते.

एलईडी थंड असतो, हा समजही इथेच दुरुस्त करायला हवा. त्याच्या प्रकाशात ऊब नसते हे खरे. पण घेतलेल्या विजेतला निम्म्याहून अधिक भाग चिपमध्येच उष्णता होऊन बसतो. जुन्या बल्बची तार आपली उष्णता प्रकाशाबरोबरच बाहेर फेकत असे आणि तापणे हाच तिचा धर्म होता. एलईडीला ती सोय नाही. त्याची उष्णता मागच्या बाजूने, चकतीतून आवरणात आणि आवरणातून हवेत, अशी वाहून न्यावी लागते. म्हणून चांगल्या बल्बात चकती जाड असते, आवरणाला ती घट्ट बसलेली असते, आवरणाच्या प्लॅस्टिकखाली अ‍ॅल्युमिनियमचा पेला असतो. पैसे वाचवायचे तर कात्री आधी इथेच लागते. पेला पातळ होतो, मग नाहीसा होतो, आणि राहते ते नुसते प्लॅस्टिक. बाहेरून काहीच कळत नाही. हातात घेतल्यावर मात्र वजनाने कळते.

दुसरी कात्री टिकल्यांच्या संख्येवर लागते. ९ वॅटसाठी वीस टिकल्या लावता येतात आणि दहाही. दहा टिकल्यांतून दुप्पट प्रवाह रेटला तर तेवढाच उजेड मिळतो, फक्त त्या जास्त तापतात आणि त्यांची कार्यक्षमता उतरते. याच्या उलट वाट किती दूर नेते त्याचे चांगले उदाहरण दुबईत आहे. २०१६ साली दुबईच्या पालिकेसाठी फिलिप्सने 'दुबई लॅम्प' नावाचा बल्ब काढला. ३ वॅटमध्ये सुमारे ६०० ल्युमेन, म्हणजे वॅटमागे २०० ल्युमेन. आपल्याकडचा ९ वॅटचा साधारण बल्ब वॅटमागे १०० च्या आसपास देतो. दुबईच्या बल्बमध्ये काही जादू नव्हती. एलईडी जास्त लावले आणि प्रत्येकातून प्रवाह कमी सोडला, हेच त्याचे मुख्य गमक. प्रत्येक चिप आरामात काम करते, तापत नाही, टिकते. खर्च मात्र वाढतो.

तंत्र किती टिकू शकते याचा पुरावाही उपलब्ध आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने ६० वॅटच्या पिवळ्या बल्बला उत्तम पर्याय देणाऱ्यासाठी 'एल प्राइझ' ठेवले होते. २०११ मध्ये ते फिलिप्सला मिळाले. त्यासाठी २०० बल्ब ४५ अंश तापमानात अखंड पेटते ठेवून पाहिले गेले. २५,००० तासांनंतरही एकही बंद पडला नव्हता आणि प्रकाश जवळजवळ मूळ पातळीवर होता. म्हणजे हा आकडा गाठता येतो, चिपलाच नव्हे तर संपूर्ण बल्बला. फक्त तो बल्ब दुकानात आला तेव्हा त्याची किंमत पन्नास-साठ डॉलर होती.

आणि आपल्याकडे काय झाले? ५ जानेवारी २०१५ रोजी 'उजाला' योजना सुरू झाली. एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस या सरकारी कंपनीने घाऊक खरेदी करून बल्ब वाटले. ३६ कोटींहून अधिक. २०१४ च्या सुरुवातीला या खरेदीत एका बल्बला ३१० रुपये पडत होते, ते २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आले. लाखो घरांतून पिवळे बल्ब गेले, वीज वाचली, हे त्या योजनेचे श्रेय आहे आणि ते द्यायलाच हवे. शिवाय तिच्यात तीन वर्षांच्या आत गेलेला बल्ब बदलून देण्याची अट होती. पण ग्राहकाच्या मनात बल्बची एक किंमत बसली ती कायमचीच. शंभर रुपयांच्या आतला बल्ब हा आता हक्क वाटतो. घाऊक खरेदीची ताकद नसलेल्या लहान कारखानदाराने त्या किमतीशी स्पर्धा करायची तर कात्री कुठे लागणार ते वर आलेच आहे.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत चक्कर मारली तर हा सगळा व्यवहार उघड्यावर पाहायला मिळतो. आवरणे वेगळी, चकत्या वेगळ्या, टोप्या वेगळ्या, हव्या त्या नावाचा छाप मारून घेण्याची सोयही. 'डीओबी' नावाचा प्रकार तिथे फार खपतो. यात वेगळा ड्रायव्हर नसतोच. टिकल्यांच्याच चकतीवर एक छोटी आयसी बसवलेली असते. जोडणी सोपी आणि स्वस्त. योग्य रीतीने केलेला डीओबी बल्ब वाईट नसतो. पण सर्वांत स्वस्त प्रकारात कपॅसिटर अगदी लहान असतो किंवा गाळलेला असतो, आणि व्होल्टेजचा झटका शोषून घेणारा व्हॅरिस्टर तर हमखास गाळलेला. गावाकडे संध्याकाळी विहिरीवरचे पंप बंद झाले की व्होल्टेज एकदम चढते. त्यातच वस्तीच्या डीपीवरचा न्यूट्रल सैल झाला तर एखाद्या घरात ३०० च्याही वर व्होल्ट येऊ शकतात. अशा रात्रीनंतर आळीतले कोणते बल्ब उरले हे पाहिले की व्हॅरिस्टर कोणात होता ते कळते.

सरकारी नियंत्रण आहे की नाही, असा प्रश्न वाचकांना पडेल. आहे. एलईडी बल्बला भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी सक्तीची आहे. बल्बवर मानकाचे चिन्ह आणि त्याच्याबरोबर 'आर' या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असायला हवा. मोबाइलवरच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो टाकला की तो कोणत्या उत्पादकाचा आणि कशासाठी आहे ते दिसते. खोक्यावरचे नाव आणि अ‍ॅपमधला तपशील जुळत नसेल तर बल्ब परत ठेवावा. २०१७ मध्ये नील्सन या संस्थेने मुंबईसह चार शहरांतल्या २०० दुकानांत पाहणी केली, तेव्हा ७६ टक्के एलईडी बल्बचे ब्रँड ग्राहकसुरक्षेच्या मानकांत बसत नसल्याचे तिने म्हटले होते. ही पाहणी दिवे उत्पादकांच्या संघटनेने पुढे आणली होती, आणि संघटनेत मोठ्या कंपन्यांचे वजन असते, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचावा. तरीही तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

मात्र नोंदणी क्रमांक असला म्हणजे बल्ब टिकाऊ, असा अर्थ काढू नये. बल्बच्या मानकाला, आयएस १६१०२ ला, दोन भाग आहेत. पहिला सुरक्षिततेचा आणि दुसरा कामगिरीचा. सक्तीची नोंदणी आली ती पहिल्या भागाच्या आधारावर. त्यात शॉक लागू नये, टोपी पिळल्यावर निखळू नये, आग लागू नये अशा गोष्टी तपासल्या जातात. या चाचण्या किरकोळ नव्हेत. स्वस्त ड्रायव्हरमध्ये मेनची वीज आणि टिकल्यांचे सर्किट यांच्यात विलगीकरण नसते. वरचा घुमट निघाला तर आतल्या टिकल्यांना २३० व्होल्टचा संबंध असतो. धातूचे आवरण उघडे असलेल्या, नोंदणी नसलेल्या बल्बमध्ये आतले इन्सुलेशन गेले तर ते आवरणच जिवंत होते. स्टुलावर चढून, ओल्या हाताने, बटण चालू ठेवून बल्ब बदलणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. म्हणून नोंदणी क्रमांक ही किमान पायरी. टिकाऊपणाचे त्या क्रमांकाने काहीच सांगितलेले नसते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकित पट्टी असते ती वॅटमागे किती ल्युमेन मिळतात यासाठी. तिचा उपयोग आहे, पण तिच्यावरूनही ड्रायव्हर किती वर्षे काढील ते कळत नाही.

मग उपकरणे हाताशी नसलेल्या माणसाने करायचे काय? प्रयोगशाळेत मोठ्या पांढऱ्या गोलात बल्ब टांगून ल्युमेन मोजतात, तशी सोय घरी नाही. पण बऱ्याच गोष्टी घरी पाहता येतात.

सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे वॅट. घरातले बाकी सगळे बंद करून, एकाच जातीचे पाच बल्ब लावून विजेच्या मीटरसमोर उभे राहावे. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकणार ते छापलेले असते. समजा ३,२०० आहे. तर ९ वॅटच्या पाच बल्बांना, म्हणजे ४५ वॅटला, दोन लुकलुकांमध्ये २५ सेकंद लागायला हवेत. ३२ सेकंद लागले तर बल्ब सात वॅटचा आहे आणि आपण पैसे नऊचे दिले आहेत.

दुसरी, प्रकाशाची थरथर. बल्ब लावून त्याच्यासमोर पेन्सिल जोराने डावी-उजवीकडे हलवावी. पेन्सिलीचा सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक. सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर प्रकाश सेकंदाला शंभर वेळा मोठ्या प्रमाणात कमी-जास्त होतो आहे. डोळ्यांना ते सरळ दिसत नाही. काहींना त्याने काहीच होत नाही, काहींचे डोके दुखते, डोळे लवकर थकतात. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर आणि फिरत्या यंत्राजवळ असा बल्ब मी तरी लावणार नाही. शिवाय जास्त थरथर म्हणजे कपॅसिटर लहान किंवा नाहीच, ही आतली बातमीही त्यातून कळते. चांगला असलेला बल्ब वर्षा-दोन वर्षांनी थरथरू लागला तर कपॅसिटरची अखेर जवळ आली आहे.

तिसरी, तापल्यावरचा प्रकाश. मोबाइलमधले लक्स मोजणारे अ‍ॅप खरा आकडा सांगत नाही, पण तुलनेला चालते. मोबाइल एका जागी ठेवून, बल्ब लावल्या-लावल्या आकडा पाहावा आणि तासाभराने पुन्हा. थोडी घट सर्वांतच होते. ती फार असेल तर बल्बची उष्णता बाहेर जात नाही.

रंगाबद्दल थोडक्यात सांगतो. खोक्यावर सीआरआय ८० किंवा अधिक लिहिलेले असावे. तो आकडा आठ फिक्या रंगनमुन्यांवरून काढतात आणि त्यांत गडद लाल नसतो. त्यामुळे ८० लिहिलेल्या बल्बखालीही कुंकू विटकरी आणि टोमॅटो मलूल दिसू शकतो. स्वयंपाकघरासाठी बल्ब घेताना दुकानातच त्याच्याखाली आपला तळहात धरून पाहावा. कातडी मृतवत दिसली तर दुसरा घ्यावा.

बटण बंद केल्यावरही बल्ब मंद तेवत राहतो अशी तक्रार पुष्कळ येते. बहुतेक वेळा तो दोष बल्बचा नसतो. बटण फेजवर न बसवता न्यूट्रलवर बसवलेले असते, किंवा बटणातच निऑनचा छोटा दिवा असतो. पहिल्या प्रकारात वायरमनला बोलवावे, कारण बटण बंद असूनही होल्डर जिवंत आहे.

गेलेला बल्ब चौकात दहा-वीस रुपयांत दुरुस्त करून मिळतो. दुरुस्ती करणारा काळा ठिपका पडलेली टिकली ओलांडून तिथे सोल्डरचा थेंब टाकतो आणि बल्ब लागतो. पण माळेतली एक टिकली कमी झाली की तिच्या वाट्याचे व्होल्टेज डीओबी बल्बमध्ये आयसीला पेलावे लागते. ती जास्त तापते. एकदा अशी दुरुस्ती चालून जाते, दुसऱ्यांदा सहसा नाही.

घरातला बल्ब गेला तर नुकसान शंभर रुपयांचे. रस्त्यावरच्या दिव्यांचे तसे नाही. ग्रामपंचायती आणि नगरपरिषदा गेली काही वर्षे जुने दिवे काढून एलईडी लावत आहेत. अशा काही निविदा मी वाचल्या आहेत, काही ओळखीच्या सदस्यांनी सल्ल्यासाठी आणल्या म्हणून. '४५ वॅट एलईडी पथदिवा, नग अमुक, वॉरंटी एक वर्ष' एवढ्यावर निविदा निघते आणि सर्वांत कमी दराला काम जाते. मुळात वॅट हे खर्चाचे माप आहे, उजेडाचे नव्हे. वॅट मागून ल्युमेन न मागणे म्हणजे गाडी घेताना पेट्रोल किती पिते तेवढेच विचारणे. खांबावरचा दिवा पावसात भिजतो, वीज कडाडते तेव्हा तारेतून आलेला झटका खातो, आणि कोकणात असला तर खारी हवाही. तिथे चिपपेक्षा ड्रायव्हर, रबराची गॅसकेट आणि सोल्डर आधी हरतात. म्हणून निविदेत निदान एवढे असावे: दिव्यातून प्रत्यक्ष बाहेर पडणारे ल्युमेन, पाणी-धुळीसाठी आयपी-६६, झटक्यासाठी १० किलोव्होल्टचे संरक्षण, वापरलेल्या चिपचा एलएम-८० अहवाल, आणि दिवा पूर्ण तापलेला असताना ड्रायव्हरच्या अंगावरचे तापमान. ही शेवटची अट फारशी कोणी घालत नाही. प्रत्येक चांगल्या ड्रायव्हरवर एका ठिकाणी ठिपका काढून कमाल तापमान छापलेले असते. त्या ठिपक्यावर तापमापीची तार चिकटवून तासा-दोन तासांनी आकडा वाचायचा, इतकीच ती चाचणी. कमालीपेक्षा वीस अंश खाली असेल तर निर्धास्त राहावे. जेमतेम खाली असेल तर वैशाखात तो वर जाणार.

नमुना मात्र ठेकेदाराने आणून दिलेला नसावा. आलेल्या मालातून पंचायतीने स्वतः दोन-तीन नग उचलावेत आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावेत. निविदेला जोडलेला अहवाल एका दिव्याचा आणि खांबावर चढलेला दिवा दुसराच, हा प्रकार नवा नाही. वॉरंटी पाच वर्षांची मागावी आणि बिलातला काही हिस्सा तेवढ्या काळासाठी राखून, दरवर्षी चालू दिव्यांच्या प्रमाणात सोडावा. दर थोडा वाढेल. पण गेलेला दिवा बदलायला शिडीची गाडी आणि दोन माणसे लागतात, आणि त्यांचा खर्च पुष्कळदा वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त होतो.

घरापुरते बोलायचे तर खरेदीत मी तासांचा आकडा वाचतच नाही. वॉरंटीची वर्षे, ल्युमेन, नोंदणी क्रमांक आणि हातातले वजन एवढेच पाहतो. बंद डब्यात लावायचा असेल तर गरजेपेक्षा कमी वॅटचा बल्ब घेतो, किंवा डब्याचे झाकण काढून टाकतो. लावण्यापूर्वी बल्बच्या मानेवर पक्क्या शाईने महिना आणि वर्ष लिहितो. दोन वर्षांच्या वॉरंटीचा बल्ब अठराव्या महिन्यात गेला की बहुतेक लोक तो कचऱ्यात टाकतात, कारण कधी घेतला ते आठवत नाही. बिलाचा मोबाइलवर फोटोही काढून ठेवावा. दुकानातली बिले हल्ली उष्णतेने छापणाऱ्या कागदावर येतात, आणि त्यांच्यावरची अक्षरे वॉरंटी संपायच्या आत उडून जातात.